नाशिकचा हिरा : 'आपला' म्हणजे नेमका कोणाचा?



मागच्या वर्षी आमच्या सातवीच्या मुलांची सहल त्र्यंबकेश्वरला नेली होती. नाशिकपासून तीस किलोमीटरच्या आतबाहेर, म्हणून दरवर्षीची ठरलेली. दर्शनाच्या रांगेत उभे असताना एका मुलाने विचारलं, "मॅडम, इथे देवाचा मोठा हिरा होता ना? आता तो कुठे आहे?" रांग पुढे सरकत होती, माझं लक्ष मुलं मोजण्यात. मी पटकन सांगून टाकलं, "इंग्रजांनी नेला रे, लंडनला राणीच्या मुकुटात आहे."

मागून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तो कोहिनूर."

ती बरोबर होती. मी नाशिकची, त्र्यंबकला लहानपणापासून येणारी, इतिहास शिकवणारी, आणि माझ्याच जिल्ह्याच्या नावाने जगभर ओळखला जाणारा हिरा मला धड माहीत नव्हता. वर्गात परतल्यावर आधी चूक कबूल केली. मग पहिल्या मुलाने पुढचा प्रश्न टाकला, "तो आपला आहे, तर आपण परत का नाही आणत?"

हा प्रश्न दिसायला सोपा आहे. 'आपला' या शब्दात किती गोष्टी दडल्या आहेत हे मला तो शिकवता शिकवता कळलं. या विषयावर वर्गात चार तासिका घेतल्या. त्यात काय सांगितलं, मुलांनी काय विचारलं आणि कुठे मी अडले, ते इथे मांडते आहे. तुमच्या वर्गात किंवा घरी उपयोगी पडेल अशी आशा आहे.

१. हिऱ्याची ओळख

इंग्रजीत या हिऱ्याला 'नासाक डायमंड' म्हणतात. 'नासाक' म्हणजे आपलं नाशिकच. त्या काळी इंग्रज नाशिकचा उच्चार आणि स्पेलिंग तसं करत. हा हिरा मूळचा गोवळकोंड्याच्या खाणींमधला मानतात. कृष्णा नदीच्या काठची कोल्लूरची खाण त्यातली सर्वांत प्रसिद्ध. कोहिनूरही त्याच मुलखातला समजला जातो. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाला हिरे मुख्यतः भारतातूनच मिळत होते, हे मुलांना आवर्जून सांगा. त्यांना फार नवल वाटतं.

देवस्थानाची परंपरा सांगते की हा हिरा त्र्यंबकेश्वराला वाहिलेला होता आणि शेवटच्या इंग्रज-मराठे युद्धात तो इंग्रजांनी नेला.

परदेशी पुस्तकांमध्ये त्याचं आणखी एक नाव सापडतं, 'मूर्तीचा डोळा'. इथे मी मुलांना थांबवून विचारलं, "आपण सगळे आत्ताच दर्शन घेऊन आलो. गाभाऱ्यात डोळे असलेली मूर्ती पाहिली का कोणी?" सगळे नाही म्हणाले. त्र्यंबकेश्वराच्या पिंडीत खोलगट जागेत अंगठ्याएवढी तीन लिंगं आहेत, ब्रह्मा, विष्णू आणि महेश यांची. एवढ्यावरून हिरा तिथे नव्हता असं सिद्ध होत नाही. देवाचा मुकुट असतो, अलंकार असतात. पण 'मूर्तीचा डोळा' हे नाव देणारा माणूस त्र्यंबकच्या गाभाऱ्यात आलेला नव्हता, एवढं सातवीतली मुलंसुद्धा सांगू शकतात. ऐकलेली गोष्ट डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीशी ताडून बघायची, हा इतिहासाचा पहिला धडा इथेच होऊन जातो.

२. हिऱ्याचा प्रवास

फळ्यावर मी एक लांब आडवी रेघ काढली आणि टप्पे लिहीत गेले. ते असे :

१७५५ ते १७८६ : त्र्यंबकेश्वराचं आजचं काळ्या पाषाणातलं मंदिर बांधलं गेलं. काम नानासाहेब पेशव्यांनी सुरू करवलं. म्हणजे देव, देऊळ आणि पेशवे यांचं नातं जवळचं. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

१८१७ : ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. दुसरे बाजीराव पुणे सोडून निघाले.

१८१८ : एप्रिलमध्ये त्र्यंबकचा किल्ला इंग्रजांनी घेतला. ३ जूनला बाजीराव जॉन माल्कमच्या स्वाधीन झाले. वर्षाला आठ लाख रुपये पेन्शन घेऊन ते कानपूरजवळ बिठूरला गेले. या धामधुमीत हिरा बाजीरावांकडून इंग्रज अधिकारी जॉन ब्रिग्ज याच्या हाती आला आणि पुढे गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जकडे गेला, अशी हकीकत सांगितली जाते. कंपनीने तो युद्धातली लूट म्हणून लंडनला पाठवला. तिथे 'रंडेल अँड ब्रिज' या पेढीने तो सुमारे ३,००० पौंडांना घेतला आणि त्याला नव्याने पैलू पाडले.

१८३७ : लंडनमध्ये लिलाव झाला. सुमारे ७,२०० पौंडांना हिरा विकला गेला आणि वेस्टमिन्स्टरच्या पहिल्या मार्क्विसकडे, म्हणजे एका बड्या उमरावाकडे आला. त्याने तो आपल्या समारंभाच्या तलवारीच्या मुठीत बसवला. पुढे जवळपास नव्वद वर्षं हिरा त्या घराण्यात राहिला.

१९२७ : पॅरिसच्या जवाहिऱ्यांमार्फत हिरा अमेरिकेत गेला. तिथे त्याच्यावरून खटला उभा राहिला. तो पुढे सांगते.

१९४० : न्यूयॉर्कचे जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी तो पॅरिसमध्ये विकत घेतला आणि पुन्हा कापून चौकोनी घाटाचा केला. त्यानंतर तो एका श्रीमंत बाईंच्या अंगठीत होता.

१९७० : न्यूयॉर्कला लिलाव झाला. ट्रक वाहतुकीचा धंदा करणाऱ्या एका गृहस्थाने पाच लाख डॉलरला तो घेतला.

१९७७ : लेबनॉनचे जवाहिरे रॉबर्ट मुआवाद यांनी तो विकत घेतला आणि तो त्यांच्या खासगी संग्रहात गेला.

म्हणजे माझं 'राणीच्या मुकुटात' हे उत्तर पूर्ण चुकीचं होतं. हा हिरा ब्रिटिश राजघराण्याच्या मुकुटात नाही. तो एका दुकानदाराकडून दुसऱ्याकडे, एका श्रीमंताकडून दुसऱ्याकडे असा हातोहात फिरला. कोहिनूरची आणि याची गोष्ट इथेच वेगळी होते.

३. थोडं गणित : हिरा किती उरला?

हा भाग मुलांना सगळ्यात आवडला. हिऱ्याचं वजन कॅरटमध्ये सांगतात. आजचा एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम. जुना इंग्रजी कॅरट किंचित मोठा होता, सुमारे २०५ मिलिग्रॅम.

भारतातून नेला तेव्हा : ८९.७५ जुने कॅरट, म्हणजे सुमारे १८.४ ग्रॅम.
लंडनला पहिल्यांदा कापल्यावर : सुमारे ७८.६ जुने कॅरट, म्हणजे सुमारे १६.१ ग्रॅम.
विन्स्टन यांनी कापल्यावर : ४३.३८ आजचे कॅरट, म्हणजे ८.६७६ ग्रॅम.

मुलांना ग्रॅम हातात देता आले पाहिजेत. वीस रुपयांचं नाणं साधारण साडेआठ ग्रॅमचं असतं. दोन नाणी तळहातावर ठेवून म्हटलं, "नेला तेव्हा याच्याहून थोडा जड होता." मग एक नाणं काढून घेतलं. "आता एवढाच आहे." मुलांनी टक्केवारी काढली तर ४७ च्या आसपास आली. निम्म्याहून जास्त हिरा भुशासारखा झडून गेला. जास्त चमकावा म्हणून.

गणिताच्या तासाला शतमान शिकवायचं आणि इतिहासाच्या तासाला दुःख करायचं, असं वेगळं ठेवायची गरज नाही. एकाच उदाहरणात दोन्ही होतं.

४. ताबा आणि मालकी

आता मूळ प्रश्न. आमच्याकडची बहुतेक मुलं शेतकऱ्यांची. त्यांच्यासाठी सातबारा हा शब्द रोजचा. मी विचारलं, "सातबाऱ्यावर नाव एकाचं आणि नांगर चालवतो दुसरा, असं गावात कुठे आहे का?" दहा हात वर झाले. कोणाचे काका शहरात राहतात आणि जमीन वाट्याने दिली आहे. कोणाच्या घरी तर त्यावरून भांडणच चालू आहे. (तो विषय मी लगेच बदलला!)

म्हणून फळ्यावर दोन शब्द लिहिले : ताबा आणि मालकी. वस्तू कोणाच्या हातात आहे तो ताबा. वस्तूवर हक्क कोणाचा आहे ती मालकी. हिऱ्याच्या प्रवासाच्या रेघेवर आपण जे लिहिलं ते सगळं ताब्याचं आहे. मालकीचं काय? त्यासाठी मुलांचे चार गट केले आणि प्रत्येक गटाला एक प्रश्न दिला.

पहिला गट : हिरा देवाचा होता की पेशव्यांचा?

इंग्रजांच्या बाजूचा युक्तिवाद सरळ आहे. आम्ही पेशव्यांशी लढलो, पेशवे हरले, हिरा पेशव्यांच्या जवाहिरात मिळाला, तेव्हा तो पेशव्यांचा आणि म्हणून जिंकणाऱ्याचा.

या गटातल्या एका मुलाने याला जे उत्तर दिलं ते मला वकिलालाही सुचलं नसतं असं वाटतं. तो म्हणाला, "आमच्या गावच्या देवीचा चांदीचा मुखवटा वर्षभर पाटलांच्या घरी कुलपात असतो. जत्रेला बाहेर काढतात. म्हणून काय तो पाटलांचा झाला का?"

पाटलांच्या घरी दरोडा पडला आणि चोराने मुखवटा नेला, तर चोरी पाटलांची झाली की देवीची? वर्ग एका सुरात म्हणाला, देवीची. नाशिक जिल्ह्यात अशी उदाहरणं गावोगाव आहेत. मौल्यवान वस्तू देवळात उघड्यावर न ठेवता जबाबदार माणसाच्या घरी ठेवायची, ही आपली जुनी रीत. युद्धाच्या दिवसांत तर ती जास्तच. तेव्हा पेशव्यांकडे मिळाला म्हणून पेशव्यांचा, हे गणित इथल्या माणसाला पटत नाही.

पण दुसऱ्या बाजूनेही विचार करायला लावला. पेशव्यांनी मंदिर बांधवलं, खर्च दिला, नेमणुका दिल्या. राजाचा खजिना आणि देवाचा खजिना यांच्यातली भिंत तेव्हा आजच्याइतकी पक्की नव्हती. शिवाय परंपरा एक सांगते आणि लुटीचे कागद दुसरं. दावा करणाऱ्याला 'आमच्याकडे असं सांगतात' एवढ्यावर थांबता येत नाही. हे मुलांना सांगायला मला जड गेलं, पण सांगितलं.

इथे पालकांना माहीत असलेलं एक उदाहरण उपयोगी पडतं. देवस्थान इनाम जमीन. तिच्या सातबाऱ्यावर कब्जेदार म्हणून देवाचं नाव असतं आणि पुजारी फक्त वहिवाटदार. पुजाऱ्याला ती परस्पर विकता येत नाही. आपल्या कायद्यात देव ही मालकी असू शकणारी 'व्यक्ती' मानली जाते. मुलांना याची गंमत वाटते, पण गावातल्या म्हाताऱ्या माणसांना यात काहीच नवं वाटत नाही.

दुसरा गट : युद्धात घेतलं तर ते चोरी होते का?

त्या काळी जिंकलेल्या सैन्याने लुटीचा माल आपसात वाटून घ्यायचा, असा रिवाजच होता. त्याला नियम होते, हिस्से होते. दख्खनच्या या लुटीवरून खुद्द इंग्रजांमध्येच भांडण लागलं. हेस्टिंग्जची मोठी फौज आणि सर थॉमस हिस्लॉपची दख्खनची फौज, दोघांनीही हक्क सांगितला. प्रकरण वर्षानुवर्षं चाललं. लक्षात घ्या, वाद एवढाच होता की लुटीत कोणाचा वाटा किती. ज्यांचं गेलं त्यांना कोणी विचारलं नाही.

एका प्रकरणात मात्र आपल्या लोकांनी कोर्टाची पायरी चढली. पेशव्यांच्या एका किल्लेदाराची पुण्यातली संपत्ती इंग्रजांनी जप्त केली होती. त्याच्या माणसांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला आणि तिथे जिंकला. पुढे लंडनला प्रिव्ही कौन्सिलने १८३० मध्ये तो निकाल फिरवला. युद्धाच्या ओघात केलेल्या जप्तीचा न्याय साध्या कोर्टाने करायचा नाही, असं ठरलं. 'एल्फिन्स्टन विरुद्ध बद्रीचंद' म्हणून हा खटला कायद्याच्या अभ्यासात येतो.

म्हणजे तेव्हाचा कायदा जिंकणाऱ्याने केलेला आणि न्यायाधीशही त्याचेच. युद्धातल्या लुटीला बंदी घालणारे आंतरराष्ट्रीय करार १८९९ आणि १९०७ चे. चोरून नेलेल्या सांस्कृतिक वस्तूंबद्दलचा युनेस्कोचा करार १९७० चा. तो मागच्या काळाला लागू होत नाही. हिरा गेला १८१८ ला.

गटातल्या मुलीने वही मिटून विचारलं, "म्हणजे कायद्याने बरोबर होतं, पण खरं बघितलं तर चूक होतं?" मी म्हटलं, हे वाक्य जसंच्या तसं लिहून ठेव.

तिसरा गट : ज्याने पैसे देऊन घेतला त्याचं काय?

यासाठी वर्गातलाच किस्सा घेतला. समजा मोठ्या वर्गातल्या मुलाने तुझा कंपास उचलला. तो दुसऱ्याला तीस रुपयांना विकला. त्याने तिसऱ्याला चाळीसला. तिसऱ्याला काहीच माहीत नाही, त्याने खाऊचे पैसे साठवून घेतला. आता कंपासावर तुझं नाव कोरलेलं दिसलं. काय करायचं?

वर्गाचे उभे दोन भाग झाले. "माझा तो माझा, परत दे." "पण त्याचे चाळीस रुपये बुडतील, त्याची काय चूक?" शेवटी एकाने तोडगा काढला : कंपास मूळ मालकाला, आणि चाळीस रुपये ज्याने विकला त्याच्याकडून वसूल. "आणि तो शाळा सोडून गेला असेल तर?" यावर सगळे गप्प. आपल्या हिऱ्याच्या बाबतीत नेमकं हेच झालं आहे. ईस्ट इंडिया कंपनी शाळा सोडून कधीच गेली.

अमेरिकेतला खटला इथे सांगितला. तिथल्या तेव्हाच्या कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या कलात्मक वस्तूंवर आयात कर नव्हता. हिरा आणणाऱ्यांनी तो जुनी कलावस्तू म्हणून करमुक्त आणला. दुसऱ्या जवाहिऱ्यांनी हरकत घेतली. १९३० मध्ये वरच्या कोर्टाने ठरवलं की ही कलावस्तू नव्हे, हा दागिन्यात बसवण्याजोगा पैलू पाडलेला हिरा आहे, आणि त्यावर २० टक्के कर बसतो. एवढ्या मोठ्या कोर्टात एवढी चर्चा झाली ती कर किती भरायचा यावर. तो मुळात कोणाचा, हा प्रश्न तिथेही निघाला नाही.

चौथा गट : आज जो आहे तो तोच हिरा आहे का?

वजन निम्म्याहून कमी, घाट वेगळा, पैलू वेगळे. जुन्या भारतीय कारागिराने त्याला दिलेलं रूप कायमचं गेलं. उद्या परत आला तरी आपल्या पूर्वजांनी पाहिलेला हिरा येणार नाही. एक मुलगा म्हणाला, "मग काय उपयोग?" त्यावर दुसरीने म्हटलं, "आमचं जुनं घर पाडून त्याच जागी नवीन बांधलं. तरी आम्ही त्याला आजोबांचं घरच म्हणतो." मी यावर काही बोलले नाही. दोन्ही उत्तरं फळ्यावर तशीच ठेवली.

५. कोहिनूरशी तुलना

कोहिनूरची गोष्ट थोडक्यात सांगितली. १८४९ च्या लाहोरच्या तहात एक कलमच होतं की हिरा इंग्लंडच्या राणीला द्यायचा. तह झाला तेव्हा महाराजा दुलीपसिंह दहा वर्षांचे होते. "दहा म्हणजे पाचवीतला पोरगा!" वर्गातून आवाज आला. "पाचवीतल्या पोराची सही चालते का?" १८५२ मध्ये कोहिनूरलाही पुन्हा पैलू पाडले आणि तो १८६ वरून १०५ कॅरटवर आला.

कोहिनूरबाबत निदान कागद आहे, मागायला समोर एक सरकार आहे आणि हिरा लोकांना पाहता तरी येतो. तरीही वाद सुटत नाही. भारताबरोबर पाकिस्ताननेही तो मागितलेला आहे. २०१६ मध्ये आपल्याच सर्वोच्च न्यायालयात सरकारच्या वकिलांनी तो हिसकावलेला नाही असं म्हटलं आणि गदारोळ झाल्यावर तो परत आणण्याचे सर्व प्रयत्न करू असं सरकारने जाहीर केलं. नाशिकचा हिरा मात्र खासगी संग्रहात गेलेला. त्याची आठवणही फारशी कोणाला नाही. मागण्याआधी निदान माहीत तरी पाहिजे.

६. वस्तू परत येतात त्या कशा?

निराश करून तासिका संपवायची नाही, हा माझा नियम. म्हणून परत आलेल्या वस्तूंची तीन उदाहरणं घेतली. तिन्ही रस्ते वेगवेगळे आहेत.

कोर्टातून : तमिळनाडूतल्या पाथूर गावच्या पडक्या देवळाजवळ १९७६ मध्ये जमिनीत नटराजाची मूर्ती सापडली आणि चोरवाटेने लंडनला गेली. कॅनडातल्या एका कंपनीने ती पैसे मोजून, प्रामाणिकपणे विकत घेतली होती. तरी लंडनच्या कोर्टाने १९९१ मध्ये देवळाचा हक्क मान्य केला आणि नटराज भारतात आला. दावा सांगणाऱ्यांमध्ये त्या देवळातलं शिवलिंगही होतं! देवस्थान इनामाच्या सातबाऱ्यावर जे आपल्याला साधं वाटतं, ते लंडनच्या न्यायाधीशांसमोर टिकलं. फरक एवढाच, ती चोरी आपल्या काळातली होती आणि पुरावे जिवंत होते.

उसनी : २०२४ च्या जुलैमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात आली. तीन वर्षांच्या मुदतीने. पाहायला मिळतात, पण परत द्यायची आहेत.

विकत : २०२५ मध्ये नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावात निघाली. महाराष्ट्र सरकारने ती विकत घेऊन आणली. यावर वर्गात जोरदार वाद झाला. "आपलीच वस्तू आपण पैसे देऊन का घ्यायची?" आणि "नाही घेतली तर परत कोणाच्या तरी कपाटात जाईल." दोन्ही बाजू मुलांनीच मांडल्या.

नाशिकच्या हिऱ्याला यातला कोणता रस्ता लागू पडेल, हा प्रश्न मी गृहपाठाला दिला.

७. शिक्षकांसाठी काही सूचना

• सुरुवात 'लुटला' या शब्दाने करू नका. आधी प्रवास सांगा, मग मुलांना शब्द निवडू द्या : दिला, घेतला, लुटला, जप्त केला, विकला. प्रत्येक टप्प्याला कोणता शब्द बसतो आणि का, हे लिहायला सांगा. भाषेचा तासही होतो.

• परंपरा आणि कागद यांचे दोन स्वतंत्र रकाने करा. परंपरेला खोटं ठरवायचं नाही आणि कागदाला देव मानायचं नाही. लुटीचा कागद लुटणाऱ्याने लिहिलेला असतो, हे मुलांच्या लक्षात आणून द्या.

• व्हॉट्सअ‍ॅपवर या हिऱ्याचे फोटो, रंग आणि किमती बेधडक फिरत असतात. एक संदेश वर्गात वाचा आणि त्यातलं काय तपासता येईल याची यादी करून घ्या.

• चौथी-पाचवीला शिकवत असाल तर फक्त कंपासाचा किस्सा आणि नाण्यांचं वजन पुरे.

पालकांसाठी : घरात एखादी जुनी वस्तू असेल, पणजीचं तांब्याचं घंगाळ, आजोबांची खुर्ची, तर ती कोणाकडून कोणाकडे आली हे मुलांना विचारून लिहू द्या. आमच्या एका मुलाच्या घरी जात्यावरून दोन आत्यांचा जुना रुसवा निघाला, पण मुलाला ताबा आणि मालकी कायमची समजली!

चर्चेसाठी प्रश्न

१. हिरा परत मिळाला तर तो कुठे ठेवावा : त्र्यंबकेश्वरला, नाशिकच्या एखाद्या संग्रहालयात की दिल्लीला? कारण लिहा.
२. १८१८ मध्ये हिरा जाताना पाहणारा त्र्यंबकचा पुजारी, इंग्रज शिपाई आणि बाजीराव यांपैकी एकाच्या भूमिकेतून दहा ओळी लिहा.
३. आज ज्याच्याकडे हिरा आहे त्याला पत्र लिहा. रागावून लिहायचं नाही.

तिसऱ्या प्रश्नाची पत्रं मी जपून ठेवली आहेत. बहुतेकांनी 'आमचा हिरा परत द्या' असंच लिहिलं आणि त्यात काही गैर नाही. पण ज्या मुलाने रांगेत पहिला प्रश्न विचारला होता, त्याचं पत्र चारच ओळींचं होतं. त्याने लिहिलं होतं की तुम्ही पैसे देऊन घेतला हे मला माहीत आहे, तुम्ही चोर नाही. पण तो कुठून आला हे तुमच्या मुलांना सांगता का? आणि एकदा त्र्यंबकला येताना घेऊन या, आम्हाला बघायचा आहे.

यंदाही सहल त्र्यंबकलाच जाणार आहे. रांगेत कोणी विचारलं तर या वेळी मी घाईत उत्तर देणार नाही.

तुमच्या भागातल्या देवळातली, वाड्यातली अशी एखादी दूर गेलेली वस्तू असेल तर तिच्यावरही असा पाठ घेऊन पाहा. आणि मुलांनी काय विचारलं ते मला नक्की कळवा. प्रश्न त्यांचेच चांगले असतात.